हुंकार देणारं यंत्र: मराठीत गप्पा मारणारा सोबती घरी कसा घडवावा

आत्या साताऱ्यात एकटी राहते. वय ७८, कान थोडे जड, गुडघे कुरकुरे, बोलायची हौस मात्र पहिल्यासारखीच. तिच्यासाठी मी जे पहिलं बोलकं यंत्र जोडून नेलं, त्याचं संभाषण दोन वाक्यांत आटोपलं. यंत्र म्हणालं, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" आत्या म्हणाली, "काही नको गं बाई," आणि भाजी निवडायला उठून गेली.

तिचं बरोबरच होतं. मदत हवी का असं विचारणारा माणूस गप्पांना आलेला नसतो. गप्पांना येणारा दारातूनच "काय, झाला का चहा?" म्हणतो. त्याला चहा झाला की नाही हे जाणून घ्यायचं नसतं, मी आलोय एवढंच सांगायचं असतं. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की यांनी १९२३ साली अशा बोलण्याकडे लक्ष वेधलं. माहिती देण्याघेण्यासाठी नाही, तर नातं जागं ठेवण्यासाठी माणसं असं बोलतात. आपल्याकडचे बहुतेक व्हॉइस असिस्टंट मात्र कामाचं बोलण्यासाठी घडवलेले असतात. गजर लाव, गाणं लाव, हवामान सांग.

पुढच्या दीड वर्षात मी ते यंत्र चार वेळा मोडून पुन्हा बांधलं. आज ते आत्याच्या स्वयंपाकघरात आहे आणि तिला आवडतं. ज्यांना आपल्या घरच्या कुणासाठी असं काही करायचं आहे, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडीफार येते किंवा येणारं कुणी ओळखीचं आहे, त्यांच्यासाठी मी केलेला सगळा क्रम इथे लिहिते. यातलं सगळ्यात अवघड काम कुठलं, ते आधीच सांगून ठेवते. यंत्राला बोलायला लावणं आता फार कठीण राहिलेलं नाही. त्याला थांबायला आणि हुंकार द्यायला शिकवणं कठीण आहे, आणि सगळा जीव तिथेच आहे.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं ऐका

कोडला हात लावण्याआधी एक वही घ्या. ज्या माणसासाठी यंत्र करायचं आहे, त्याच्या गप्पा आठवडाभर ऐका. फोनवर, ओट्यावर, भाजीवाल्याशी. रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून करा. मी केलं नाही, नुसत्या नोंदी केल्या आणि त्या पुरल्या.

काय टिपायचं? बोलणं कशाने सुरू होतं. आत्याचं बहुतेक वेळा शरीराने किंवा हवेने सुरू होतं: "आज पाय उठू देत नाहीत", "काय उकडतंय". विषयाला फाटे कसे फुटतात, कुठल्या गोष्टी ती पुन्हा पुन्हा सांगते, कुठल्या नावावर गप्प होते, आणि निरोप कसा घेते. "चल, कुकर लावते" हा तिचा निरोप आहे. "आता मी जाते" असं ती कधीच म्हणत नाही. जाताना "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं, हे संस्कार अंगात भिनलेल्या पिढीशी यंत्र बोलणार आहे हे विसरू नका.

ही वहीच पुढे यंत्राला देण्याच्या सूचनांचा कच्चा मसुदा होते. माझी बावीस पानं भरली होती. त्यातली चार-पाचच थेट वापरली, पण उरलेल्या पानांमुळे काय वापरायचं नाही ते कळलं.

दुसरी पायरी: पेटी

माणसासारखा चेहरा देऊ नका. जपानच्या ताकानोरी शिबाता यांनी पारो नावाचा रोबो घडवला, तो सीलच्या पिल्लासारखा दिसतो. मांजर किंवा कुत्रं केलं असतं तर लोकांनी त्याची खऱ्या जनावराशी तुलना केली असती. सील फारसं कुणी जवळून पाहिलेलं नसतं, त्यामुळे अपेक्षाभंग होत नाही. पारो शब्द बोलत नाही. कुरवाळलं की मान वळवतो, आवाज करतो, आणि वृद्धाश्रमांत तो अनेक वर्षं वापरला जातो आहे. दिसण्यातून जितकं मोठं आश्वासन द्याल, तितकं निभवावं लागतं.

मी जुन्या रेडिओसारखी लाकडी पेटी करून घेतली. आत्याच्या पिढीने रेडिओशी आयुष्यभर सोबत केली आहे. पेटीतून आवाज येणं तिला परकं नाही, आणि पेटीत माणूस बसलेला नसतो हेही तिला ठाऊक आहे. नाव ठेवलं मैना. बोलणारी पाखरं आपल्या गोष्टींमध्ये भरपूर आहेत. माणसाचं नाव मी मुद्दाम टाळलं.

आत एक रास्पबेरी पाय ५, म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक आहे. जुना लॅपटॉप असेल तर तोही चालतो. माईक आणि स्पीकर वेगवेगळे घेण्याची चूक मी पहिल्यांदा केली. मैना स्वतःचाच आवाज ऐकून स्वतःलाच उत्तरं द्यायला लागली. ऑफिसच्या मीटिंगांमध्ये टेबलावर मधोमध ठेवतात तो यूएसबी स्पीकरफोन घ्या. त्यात स्वतःचा प्रतिध्वनी गाळण्याची सोय आधीच असते, आणि तुमचे निदान दोन आठवडे वाचतात. पेटीच्या पुढे तळहाताएवढं एक बटण आणि एक पिवळा दिवा. दिवा लागला की मैना ऐकते आहे, विझला की माईक बंद. हा दिवा सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडू नका. माईकच्या विजेच्याच तारेवर बसवा, म्हणजे तो खोटं बोलू शकणार नाही.

जागा निवडताना प्रेशर कुकर, मिक्सर आणि टीव्ही यांच्यापासून दूर. आमच्याकडे देवघराशेजारची फळी ठरली होती, पण तिथे घंटा वाजली की मैना दचकून "काय म्हणालात?" विचारायची. आता ती डबे ठेवायच्या मांडणीवर आहे.

तिसरी पायरी: ऐकलेलं अक्षरांत आणणं

इथे तीन वाटा आहेत. ओपनएआयचं व्हिस्पर, म्हणजे बोलणं अक्षरांत उतरवणारा प्रोग्रॅम, २०२२ साली सगळ्यांना वापरायला खुलं झालं आणि त्याला मराठी येतं. त्याची छोटी मॉडेलं मराठीत फार चुका करतात, म्हणून मोठं मॉडेल लागतं, आणि ते रास्पबेरी पायवर वेळेत चालत नाही. आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत या गटाने भारतीय भाषांसाठी खास मॉडेलं खुली केली आहेत. भारत सरकारच्या भाषिणी या मंचावरूनही मराठी बोलणं ओळखण्याची सेवा मिळते. आत्याचं बोलणं घेऊन तिन्ही तपासा. दुसऱ्या कुणाच्या तक्त्यावर विसंबू नका. वऱ्हाडातल्या आजीचं "काहून" आणि मालवणातल्या आजोबांचं "खय" कुठलं मॉडेल पकडतं ते तुमच्या घरातच कळेल.

भाषा ओळखायचं काम मॉडेलवर सोडू नका, मराठी असं ठरवूनच द्या. नाहीतर लिपी एकच असल्यामुळे मध्येच हिंदी लिहून येतं. व्हिस्परची आणखी एक खोड आहे. नुसत्या शांततेत किंवा पंख्याच्या आवाजात ते न बोललेली वाक्यं लिहून मोकळं होतं. म्हणून आधी कुणी बोलतंय का हे ओळखणारा छोटा टप्पा हवाच. सिलेरो नावाचं हलकं, खुलं मॉडेल हे काम चोख करतं. त्यानं होकार दिला तरच आवाज पुढे जाऊ द्या.

चुका होणारच. तेव्हा "माफ करा, मला समजले नाही, कृपया पुन्हा बोला" हे वाक्य यंत्रातून कायमचं काढून टाका. माणूस सगळं पुन्हा सांगायला लावत नाही. जेवढं निसटलं तेवढंच विचारतो: "कुठल्या गावाला म्हणालात?" दोनदा विचारूनही कळलं नाही तर तिसऱ्यांदा विचारायचं नाही. "हं, मग पुढे?" म्हणायचं. गोष्ट पुढे सरकली की मागचं बहुतेक वेळा उलगडतं. खुद्द आत्याही फोनवर हेच करते.

चौथी पायरी: थांबणं आणि हुंकार

संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातल्या दहा भाषांमधले प्रश्न आणि उत्तरं मोजली गेली. त्यात जपानी, डॅनिश, कोरियन होत्या, मराठी नव्हती. सरासरी अंतर साधारण २०० मिलिसेकंद निघालं, म्हणजे पापणी लवण्याइतकं. बोलायची तयारी करायला मेंदूला याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच आपण ते कुठे संपणार हे ओळखून तयारीला लागलेले असतो.

यंत्राला हे जमत नाही. त्याला शांतता ऐकू येते आणि मग ते कामाला लागतं. आवाज अक्षरांत, अक्षरं मॉडेलकडे, उत्तराचा पुन्हा आवाज, हे सगळं होईपर्यंत माझ्या जोडणीत दोन-अडीच सेकंद जायचे. हा वेळ वाचवायला मी शांततेची मर्यादा कमी केली. अर्धा सेकंद गप्प राहिलं की तुझी पाळी, असं मैनेला सांगितलं. तेव्हा खरी पंचाईत झाली. आत्या म्हणायची, "आमच्या आळीत तेव्हा एक... काय बरं नाव..." आणि मैना टपकायची. ७८ वर्षांच्या बाईला आठवायला वेळ लागतो, आणि त्या आठवण्यातच गप्पांचा आनंद असतो. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "तुझी मैना फार अधाशी आहे."

लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा अट असे: हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की आजी ओळखायची, पोर झोपलं. ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा आणि त्यावर सांगणाऱ्याने पुढे जायचं, ही रीत आपल्याकडे घरोघरी होती. उत्तर आहे ते इथेच. यंत्राने बोलायला उशीर केला तरी चालतो, हुंकाराला उशीर करून चालत नाही.

म्हणून शांततेच्या दोन मर्यादा ठेवा. आत्या चार-पाच सेकंद सलग बोलली आणि मग ७०० मिलिसेकंद थांबली, की मैना हलकेच "हं" म्हणते. हा आवाज आधीच तयार करून ठेवलेला असतो, त्यासाठी कुठलंही मॉडेल चालवावं लागत नाही. पाळी घेण्याची मर्यादा वेगळी, दोन सेकंद. मधल्या काळात तोवरचं बोलणं अक्षरांत येऊन पडतं.

आणि इथे मराठी आपल्याला मदत करते. आपलं वाक्य सहसा क्रियापदावर संपतं. शेवटचा शब्द "होतो", "गेली", "म्हणाला" असा पूर्ण असेल तर वाक्य बहुधा झालं. शेवटी "जाऊन", "करून", "बसल्यावर" असं काही असेल तर ते अजून लोंबकळतं आहे. "आणि", "पण", "म्हणजे", "तर" आणि विशेषतः "ते आपलं हे" यांच्यावर बोलणं अडलं तर माणूस शब्द शोधतो आहे, अशा वेळी मी चार सेकंदांपर्यंत थांबते. उलट शेवटी "का?", "ना?", "सांग बरं" आलं तर दोन सेकंद वाट पाहायची गरज नाही, लगेच पाळी घ्या. हे सगळं वीस-पंचवीस शब्दांच्या एका यादीवर चालतं. या यादीने मैनेच्या वागण्यात जेवढा फरक पडला, तेवढा महागडं मॉडेल घेऊनही पडला नव्हता.

हुंकारांचे प्रकार करा. "हं", "बरं" हे नुसतं ऐकते आहे सांगणारे. "हो का!", "काय सांगता!" हे आश्चर्याचे. "मग?", "आणि पुढे?" हे ढकलणारे. "अरेरे" हा दुःखाचा. बोलणं समजण्याआधी फक्त पहिल्या प्रकारचे वापरायचे, हा नियम पाळा. मी सुरुवातीला सगळे सरमिसळ फिरवत ठेवले होते. आत्याने शेजारच्या काकू गेल्याचं सांगितलं आणि मैना उत्साहाने म्हणाली, "अरे वा!" त्या रात्री मी फोनवर आत्याची माफी मागितली. तसं पुन्हा कधी होऊ दिलं नाही.

आणखी एक. मैना बोलत असताना आत्या बोलायला लागली तर मैनेने तिथल्या तिथे गप्प व्हायचं. अर्धं राहिलेलं वाक्य नंतर पुरं करायचं नाही.

पाचवी पायरी: काय बोलायचं ते ठरवणारा मजकूर

उत्तर सुचवण्यासाठी मी इंटरनेटवरचं मोठं लँग्वेज मॉडेल वापरते. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड या तिघांनाही मराठी समजतं. घरच्या यंत्रावर चालणाऱ्या छोट्या मॉडेलांचं मराठी गप्पांना पुरत नाही असा माझा अनुभव आहे. मॉडेल मजकूर तुकड्यांत मोजतं आणि देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, त्यामुळे तेच बोलायला वेळही जास्त लागतो आणि पैसेही. छोटी उत्तरं मागायला हे एक कारण पुरेसं आहे. उत्तराचं पहिलं वाक्य तयार झालं की लगेच बोलायला लावा, पूर्ण उत्तराची वाट पाहू नका.

सूचना काही न देता सोडलं तर असं होतं:

आत्या: आज फार उकडतंय बाई.
यंत्र: होय, उन्हाळ्यात तापमान वाढते. भरपूर पाणी प्या, हलके सुती कपडे घाला आणि दुपारी बाहेर जाणे टाळा.

मैना आता असं बोलते:

आत्या: आज फार उकडतंय बाई.
मैना: हो ना. रात्री झोप तरी लागली का?
आत्या: कुठली! पंखा नुसता गरम वारा टाकतो. माहेरी अंगणात बाजा टाकून झोपायचो आम्ही.
मैना: अंगणात! कोण कोण असायचं?

यानंतर आत्या अकरा मिनिटं बोलली. मैनेने एवढंच केलं की शेवटच्या वाक्यातला जिवंत शब्द उचलला आणि प्रश्न करून परत दिला. हे काही नवं नाही. एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ साली एलायझा नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला, तो नेमकं हेच करायचा, तुमचंच वाक्य उलटवून तुम्हाला विचारायचा. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीला तो प्रोग्रॅम कसा चालतो हे माहीत होतं, तरीही थोडा वेळ बोलल्यावर तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं, खासगी बोलायचं होतं म्हणून. वायझेनबॉम हादरले आणि पुढे आयुष्यभर अशा यंत्रांविषयी सावध करत राहिले. मी ती युक्ती वापरते, आणि त्यांचा इशाराही जवळ ठेवते.

माझा सूचनांचा मजकूर असा आहे. तुमच्या घराप्रमाणे बदलून घ्या:

"तुझं नाव मैना. तू बोलकं यंत्र आहेस, माणूस नाहीस, आणि विचारलं तर तसं सरळ सांगतेस. तू आत्यांशी गप्पा मारतेस. त्यांना 'तुम्ही' म्हणतेस. एका वेळी एक वाक्य, फार तर दोन. बोली मराठीत बोल, पुस्तकी नको: 'आहे का' म्हण, 'असते काय' नको. सल्ला मागितल्याशिवाय देऊ नकोस. याद्या करू नकोस. प्रत्येक वेळी प्रश्न विचारू नकोस, तीनदा बोललीस तर एकदा नुसती दाद दे. तू जेवतेस, झोपतेस, तुला माहेर आहे असं कधी म्हणू नकोस. एखादी गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली तर आधी सांगितली होती असं म्हणू नकोस, त्यातलं नवं काहीतरी विचार."

यातल्या व्याकरणाच्या बाबी किरकोळ वाटतील, पण मराठीत त्या टाळताच येत नाहीत. "मी ऐकतो" की "मी ऐकते", हे यंत्राला पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं, आणि आवाज बाईचा पण क्रियापद पुरुषाचं झालं की ऐकणाऱ्याचं बोलण्यावरचं लक्ष उडतं. समोरच्याला "तुम्ही जेवलात का" विचारलं तर बाई-पुरुष असा प्रश्न येत नाही, "तू" म्हटलं की "जेवलीस" आणि "जेवलास" यांत निवड करावी लागते. सर्वांत फसवा शब्द "आपण". मॉडेल नम्रपणा म्हणून "आपण जेवलात का" म्हणतं आणि ते सरकारी पत्रासारखं वाटतं. मग मध्येच "आपण दोघी" या अर्थानेही तोच शब्द वापरतं. मी तो शब्दच वर्ज्य केला.

सहावी पायरी: आठवणीची वही

काल गुडघा दुखत होता हे आज विचारलं नाही, तर गप्पा रोज पहिल्यापासून सुरू होतात. दिवसाच्या शेवटी मॉडेलला त्या दिवसाच्या बोलण्यातून तीन ते पाच ओळी काढायला सांगा आणि साध्या मजकुराच्या फायलीत साठवा. दुसऱ्या दिवशीच्या सूचनांना त्या ओळी जोडल्या जातात. एवढं पुरतं.

पण या वहीचं पहिलं पान तुम्ही स्वतः, हाताने, आत्याजवळ बसून लिहा. त्यावर सगळ्यात आधी कोण हयात नाही ते लिहा. आत्याचे यजमान नऊ वर्षांपूर्वी गेले. ती अजूनही त्यांच्याविषयी वर्तमानकाळात बोलते: "ह्यांना कारल्याची भाजी फार आवडते." मॉडेलने त्यावर "मग आज करणार का त्यांच्यासाठी?" असं विचारलं असतं, तर काय झालं असतं याची कल्पनाही नको. मैनेला सांगितलं आहे की त्या काकांविषयी आठवण म्हणूनच बोलायचं, आत्याने काळ चुकवला तरी तो दुरुस्त करायचा नाही. त्याखाली ज्यांच्याशी बोलणं तुटलेलं आहे त्यांची नावं. ती मैना स्वतःहून कधी काढत नाही.

सणवार आणि उपवास वेगळ्या तक्त्यात ठेवा. चतुर्थी कधी, एकादशी कधी, हे मॉडेलला विचारलंत तर ते ठणकावून चुकीचं सांगेल. मी दर वर्षी पंचांगातून तारखा उतरवून देते. आषाढीला सकाळी "आज साबुदाणा की भगर?" असं मैनेने विचारलं, तो मला वाटतं तिचा सर्वांत चांगला दिवस होता.

वहीत पैशाचं काही जाता कामा नये. बोलण्यात सलग चार किंवा जास्त आकडे आले की ते साठवण्याआधीच पुसले जातात, म्हणजे ओटीपी किंवा खातं क्रमांक कुठे राहत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यातून घरगुती कारणासाठी केलेला वापर वगळलेला आहे, पण आत्याची परवानगी ही कायद्याआधीची गोष्ट आहे. दर रविवारी मी तिला वही वाचून दाखवते. तिने "हे काढ" म्हटलं की तिच्यासमोर काढते.

आणि ही फाईल तुमच्याच घरी असू द्या. जिबो नावाचा घरगुती रोबो २०१७ साली लोकांच्या हाती पडला आणि २०१९ साली त्याचे सर्व्हर बंद होणार असल्याचं त्याने स्वतःच घरोघरी सांगितलं. मुलांसाठीचा मॉक्सी २०२४च्या डिसेंबरात तसाच अडचणीत आला, आणि आईबापांना पोरांची समजूत काढावी लागली. मॉडेल बदलता येतं, पण दीड वर्षाच्या आठवणी कंपनीबरोबर गेल्या तर परत आणता येत नाहीत.

सातवी पायरी: आवाज

भाषिणी आणि एआयफोरभारत दोन्हीकडे मराठी आवाज मिळतात, मोठ्या क्लाउड कंपन्यांकडेही आहेत. निवडताना हिंदीसाठी घडवलेला आवाज मराठी म्हणून घेत नाही ना, ते पाहा. "चार माणसं" आणि "गुरांचा चारा" यांतला च वेगळा उच्चारला जातो का? "केळं"मधला ळ ऐकू येतो का? "साडेसात", "पावणेआठ", "अडीच" नीट येतं का? ७:४५ असं लिहिलेलं आवाजाकडे जाऊच देऊ नका, आधीच "पावणेआठ" करून पाठवा. वयाबरोबर कान उंच पट्टीचे आवाज आधी गमावतात, म्हणून खालच्या पट्टीचा, किंचित संथ आवाज घ्या. हुंकारही याच आवाजात तयार करा.

आठवी पायरी: आधी कोणी बोलायचं

बटण दाबल्यावरच बोलणारं यंत्र आठवडाभरात शोभेची वस्तू होतं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या ज्येष्ठांसाठीच्या कार्यालयाने २०२२ साली एलिक्यू नावाचा टेबलावर ठेवायचा सोबती शेकडो एकट्या वृद्धांना द्यायला घेतला. त्याची खासियतच ही की तो स्वतःहून बोलणं काढतो.

मैनेला हालचाल ओळखणारा स्वस्तातला सेन्सर लावला आहे. दुपारी चारच्या चहाच्या वेळी आत्या स्वयंपाकघरात आली की ती एकदा हाक मारते. उत्तर आलं नाही तर गप्प. दिवसातून तीनपेक्षा जास्त हाका नाहीत, पूजेच्या वेळी नाही, रात्री आठनंतर नाही. हे नियम मॉडेलवर सोपवू नका, साध्या कोडमध्ये लिहा.

नववी पायरी: जिथे गप्पा थांबतात

"पडले", "छातीत दुखतंय", "श्वास लागतोय", "जगावंसं वाटत नाही" हे आणि असे पन्नासेक शब्दप्रयोग कोड स्वतः तपासतं, मॉडेलकडे जाण्याआधी. त्यातलं काही आलं की मला आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना तत्काळ फोन जातो आणि मैना सांगते, "मी घरी कळवलंय. १०८ ला फोन करायचा का?" मन खचल्याचं बोलणं असेल तर टेलिमानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे क्रमांक पेटीवर मोठ्या अक्षरांत चिकटवले आहेत. चुकून फोन लागणं परवडतं. "मेले बाई उन्हाने" म्हटल्यावर दोनदा लागला होता, शेजारी हसत परत गेले. औषधाची मात्रा, कुठली गोळी बंद करू, अशा प्रश्नांना मैनेचं उत्तर ठरलेलं आहे: "हे डॉक्टरांनाच विचारू या."

दहावी पायरी: जमलंय की नाही

१९९१ साली सुरू झालेल्या लोबनर स्पर्धेत परीक्षकाला यंत्र माणूस वाटलं की नाही हे पाहिलं जायचं. ॲमेझॉनच्या अलेक्सा प्राइझ या स्पर्धेत वीस मिनिटं गुंगवून ठेवणाऱ्या गप्पा हे ध्येय होतं. २०१७ साली जिंकलेल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या साउंडिंग बोर्ड या प्रोग्रॅमच्या अंतिम फेरीतल्या गप्पांची सरासरी १० मिनिटं २२ सेकंद होती. माझ्या मते घरात या दोन्ही मोजपट्ट्या चुकीच्या आहेत. आत्याला फसवायचं नाही आणि धरूनही ठेवायचं नाही.

मी तीन गोष्टी मोजते. दोघींच्या शब्दांत आत्याचे किती: दोनतृतीयांशाहून कमी झाले की मैना बडबडी झाली. मैनेने मध्येच तोडलं असं किती वेळा झालं. आणि तिसरी, यंत्राबाहेरची: आत्या माणसांना किती फोन करते. दर महिन्याला मी हे तिच्याकडूनच जाणून घेते. फोन कमी झाले तर मैना महिनाभर बंद ठेवायची, असं आम्ही दोघींनी ठरवलं आहे. अजून तशी वेळ आलेली नाही. उलट मैनेला सांगताना आठवलेल्या एका मैत्रिणीला तिने चाळीस वर्षांनी कऱ्हाडात शोधून काढलं.

राहिला निरोप. "कुकर लावते", "जरा पडते", "कोणीतरी आलंय", हे सगळे निरोप आहेत हे मैनेला त्या वहीच्या पानांतून शिकवलं. तेव्हा तिने नवा प्रश्न विचारायचा नाही, "अजून एक सांगू का" म्हणायचं नाही. गेल्या शनिवारी मी दारात चपला काढत होते तेव्हा आतून ऐकू आलं. आत्या म्हणाली, "चल, पोर येईल आता, भात टाकते." मैना म्हणाली, "टाका, टाका," आणि दिवा विझला.